कातळामागच्या निळ्या पाट्या

१

ताई काय काम करते हे कुणाला सांगितलं की माणसं आधी हसत आणि मग म्हणत, "म्हणजे फोटो चिकटवता तुम्ही!" ताईही हसून घेई. "हो, चिकटवते. फक्त डिंक लागत नाही."

तसं ते फार चूकही नव्हतं. धरणात बुडणाऱ्या दरीत एक कातळ होता. छपरासारखा पुढे झुकलेला. त्याच्या पोटाशी कुणीतरी, कोण जाणे किती हजार वर्षांपूर्वी, गेरूने चित्रं काढून ठेवली होती. हात धरून उभी असलेली काडीसारखी माणसं, मोठाल्या शिंगांची जनावरं आणि मध्येच कुठेतरी उमटवलेले तळहात. धरणाची दारं बंद झाली होती. पाणी दरीत चढत होतं, अजिबात घाई न करता, आपल्याच घरात शिरल्यासारखं. ते कातळापर्यंत यायच्या आत भिंतीचे इंच न्‌ इंच फोटो काढायचे आणि ते जुळवून कॉम्प्युटरवर तसाच दुसरा कातळ उभा करायचा, हे काम. फोटो काढायचे ताईच्या धाकट्या भावाने, जुळवायचे ताईने.

भावाला सगळे खंड्या म्हणत. लहानपणी तळ्याकाठी तो त्या पक्ष्यासारखा मान खाली घालून एका जागी न हलता बसे, म्हणून वडिलांनी पाडलेलं नाव. वडील गेले, नाव राहिलं. खंड्या फोटोही तसेच काढायचा. श्वास रोखून, एक पाऊल सरकून, पुन्हा श्वास रोखून. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा बराचसा भाग आला पाहिजे, नाहीतर जुळणी होत नाही, हे ताईनेच त्याला शिकवलं होतं. एक ओळ संपली की तो खूण म्हणून स्वतःच्या बुटाचा फोटो काढी. एका बुटाला काळी नाडी, एकाला पांढरी. "बूट दिसला की समज, ओळ संपली, म्हातारे," असं तो म्हणे. ताईला तो कधीच ताई म्हणत नसे.

फोटो नेटवर्कवरून थेट ताईच्या कॉम्प्युटरवर उतरत. प्रोग्रॅम ते एकमेकांशी ताडून बघे, कुठला फोटो नेमका कुठे उभं राहून काढला ते शोधी आणि त्या जागी हवेत एक छोटी निळी पाटी टांगे. कातळ मधोमध आणि त्याच्यासमोर मधमाश्या उठाव्यात तशा निळ्या पाट्या. त्यांच्याकडे बघून ताईला बरं वाटे. खंड्या आज कुठे कुठे उभा होता, कुठे वाकला, कुठे गुडघ्यावर बसला, ते तिला इथे बसून कळे. रोज सकाळी ती धरणाची पातळी बघून मॉडेलमधला फिकट हिरवा सपाट पडदा तेवढा वर सरकवी. तो पडदा म्हणजे पाणी. तो आता कातळाच्या पायाशी आला होता.

२

सगळं झालं होतं, एक भोक सोडून.

भिंतीच्या अगदी खालच्या कोपऱ्यात एक अरुंद कपार होती. तिथे कॅमेऱ्याला काही दिसत नसे, म्हणून मॉडेलमध्ये तेवढा भाग काळाच राहिला होता. साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "एवढं काय काळं?"

"कपार आहे, साहेब."

"फाइल वर जाणार आहे. मोठ्या पडद्यावर लावणार आहेत. भोक असलेली फाइल मी पाठवणार नाही हं." साहेब वाईट नव्हते. त्यांना कुणी काही विचारलेलं खपत नसे, एवढंच.

ताईने खंड्याला फोन लावला.

"हात घालून बघ की रे जरा."

"म्हातारे, हात जाईल. मान जाणार नाही."

"मान मागितलीय कुणी? कॅमेरा आत धर आणि बटण दाब."

"आणि आत कुणाचं बिऱ्हाड असलं तर?"

"तर त्यांचाही फोटो काढ. घरपट्टी लावू."

तो हसला. मग दगडावर कापड घासल्याचा आवाज आला. पाठोपाठ कॅमेऱ्याचा. खट्‌. खट्‌. खट्‌.

"थंड आहे गं आत," खंड्या म्हणाला. "कुणीतरी फुंकर घालतंय असं वाटतंय." मग बराच वेळ नुसती खरखर. "आवाज घुमतोय बघ. मी एकदा दाबलं की आत दोनदा..."

फोन कट झाला. त्या दरीत नेटवर्क असंच होतं, म्हणून तिने मनाला लावून घेतलं नाही.

३

फोटो मात्र आले. ताईने ते प्रोग्रॅमला दिले आणि पाणी प्यायला उठली. परत येऊन बघते तर नव्या पाट्या भिंतीच्या मागे टांगलेल्या.

कपारीतून हात आत गेला होता, म्हणजे पाट्या थोड्या आत दिसणारच. पण या थोड्या आत नव्हत्या. कातळाच्या पोटात, चांगल्या माणूसभर उंचीवर, ओळीने टांगलेल्या. सगळ्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला.

ताई घाबरली वगैरे नाही. भिंत सपाट असली की प्रोग्रॅमला पुढचं-मागचं कळेनासं होतं. नवीन असताना तिने एक अख्खी विहीर पायमोजा उलटवावा तशी आतली बाहेर करून ठेवली होती, आणि ऑफिसभर तिची थट्टा झाली होती. तिने फोटो उघडून बघितले.

कपारीच्या आतला अंधार दिसायला हवा होता. दिसत होती तीच चित्रांची भिंत. तीच माणसं, तीच जनावरं, पण उलटी. डावीकडची उजवीकडे. स्क्रीनवर हरणांच्या कळपाचं तोंड नेहमी ऑफिसच्या खिडकीकडे असे, ते आता दाराकडे होतं. आणि रंग दगडावर बसल्यासारखा नव्हता. पान उन्हात धरलं की शिरा दिसतात तसा उजेड पलीकडून येत होता आणि गेरूची माणसं त्यात काळसर दिसत होती.

कॅमेऱ्याचं काहीतरी बिघडलं असेल. अंगठा कुठेतरी दाबला गेला असेल. हात वेडावाकडा वळला असेल. ताईने एकेक कारण लावून बघितलं आणि प्रत्येक कारण थोडंसं बसलं, पुरतं बसलं नाही. खंड्याचा फोन लागेना.

"झालं का?" साहेबांनी दारातूनच विचारलं.

मूळ फोटोला हात लावायचा नाही, हा त्यांच्या कामातला नियम ती शपथेसारखा पाळत आली होती. फोटो वाईट आला तर टाकून द्यावा, पण बदलू नये. पण चार दिवसांत कातळ पाण्यात जाणार होता, पुन्हा फोटो मिळणार नव्हते, आणि उलटे आहेत म्हणजे सुलटे करायचे, त्यात कुणाचं काय बिघडतं? तिने फोटो आडवे उलटवले आणि मूळ फोटोंवरच सेव्ह केले. मग हरणाचं शिंग हरणाच्या शिंगाशी, बोट बोटाशी, अशा खुणा हाताने जुळवून दिल्या.

मागच्या पाट्या एकदम नाहीशा झाल्या. भिंतीच्या पुढे, बाकीच्या पाट्यांच्या गर्दीत, निमूट जाऊन बसल्या. आणि भोक बुजलं. किती छान बुजलं! जुळणीचा भाग थोडा मेणचट, घोटल्यासारखा दिसत होता. पण मुद्दाम कोण बघतंय?

"झालं, साहेब," ताई म्हणाली आणि तिने खुर्चीतच हातपाय ताणले.

४

संध्याकाळी दाराच्या कुलपात बराच वेळ किल्ली खुडखुडत होती. आईने आतून विचारलं, "कोण आहे गं?" ताईने दार उघडलं. खंड्या उभा होता. किल्ली उलट्या बाजूला फिरवून फिरवून त्याचे कान लाल झाले होते.

"काय रे, आपलंच घर विसरलास?"

"नाही, ताई," तो म्हणाला.

ताई. तिला वाटलं, दमला असेल. काम संपलं की माणूस असा रिकामा होतो.

जेवताना आईचा चेहरा उजळला. खंड्या जन्माचा डावरा. आईने लहानपणी रागावून बघितलं, लाडाने बघितलं, चमचा हिसकावून बघितला, काही उपयोग झाला नव्हता. आज त्याने उजव्या हाताने चमचा उचलला आणि सावकाश, एक थेंबही न सांडता जेवला.

"बघ गं बघ!" आई म्हणाली. "इतकी वर्षं माझा घसा कोरडा पडला. आज सुबुद्धी झाली."

"झाली, आई," तो म्हणाला.

तो सगळ्याला हो म्हणत होता. ताट स्वतः धुऊन ठेवलं. आईची गोळी आठवणीने दिली. "एकदा जायचं नाही का तिकडे, शेवटचं बघायला?" असं ताईने विचारलं, तेव्हा तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. समोर एक मिणमिणता दिवा आणि तारेवर वाळणारं कुणाचंतरी पांघरूण, याखेरीज काही नव्हतं. पण तो ते डोळे भरून बघत होता. "आता कशाला?" तो म्हणाला. "इथे किती बरं आहे."

५

सुट्टीच्या सकाळी ताई चहा घेऊन बाहेरच्या खोलीत आली, तर खंड्या वर्तमानपत्र वाचत होता. पान उजेडासमोर धरून, मागच्या बाजूने. ओठ हलत होते, डोळे ओळींवरून भरभर फिरत होते. तिची चाहूल लागताच त्याने पान वळवलं, आणि मग मात्र त्याची नजर अडखळत, एकेका अक्षराला चाचपत जाऊ लागली.

"काय वाचतोस?"

"बातम्या, ताई."

ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. माणूस थट्टा करतो. खंड्या तर जन्माचा थट्टेखोर. हात बदलायचा, किल्ली उलटी फिरवायची, ताई ताई करायचं, सगळं ठरवून चाललंय, आणि आपण घाबरलो की खो खो हसणार आहे. तिने वाट बघायचं ठरवलं.

आईने त्याला तेल लावायला बसवलं होतं. सुट्टीचा हा नेहमीचा कार्यक्रम. खंड्या नेहमी आरडाओरडा करायचा, "डोकं आहे की कढई?" म्हणायचा. आज गप्प बसला होता. आईची बोटं केसांतून फिरता फिरता थांबली.

"अगं, इकडे ये जरा."

ताई गेली.

"याचा भोवरा बघ. पाळण्यात होता तेव्हापासून याच्यावर तेल घालतेय मी. असा फिरायचा." आईने हवेत बोटाने गोल काढला. मग दुसऱ्या बाजूने काढला. "आता असा फिरतोय."

खंड्या हलला नाही. त्याची मान खाली होती आणि ती थरथरत होती, घाबरलेल्या पाखराच्या छातीसारखी.

आईने बोटांनी केस बाजूला सारून पुन्हा बघितलं. मग तिने वाटीतलं तेल ओंजळीत घेतलं. "माझंच काहीतरी," ती म्हणाली. "डोळे गेले आता." आणि तिने ते तेल त्या भोवऱ्यावर थापलं, पुन्हा पुन्हा, गरजेपेक्षा फार वेळ.

६

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कॉम्प्युटर चालू करते, तर फोटोंचा फोल्डर भरत होता.

एक फोटो उतरला. थोड्या वेळाने आणखी एक. तिने घरी फोन लावला. आईने उचलला.

"खंड्या कुठे आहे?"

"हा काय इथे, शेंगा सोलतोय माझ्यासोबत. का गं?"

"त्याचा कॅमेरा?"

"खुंटीला आहे. तिकडून आल्यापासून हात नाही लावलेला. तूच ओरडतेस ना, धूळ बसते म्हणून."

तिने फोन ठेवला. आणखी एक फोटो उतरला. सगळ्या फोटोंत तीच भिंत होती, उलटी, पलीकडून उजेड येणारी. पण उजेड आता कमी होता. सकाळचं आभाळ ढगाळ होतं तसाच. म्हणजे फोटो आजचे होते.

कुठेतरी जुनी फाइल अडकली असेल आणि आता सुटली असेल, असं ताईने स्वतःला समजावलं. ते समजावणं चालू असतानाच फोटोंची ओळ संपली आणि बूट आला.

काळ्या नाडीचा बूट. खाली ओली, काळी जमीन.

ताई किती वेळ त्या बुटाकडे बघत बसली कोण जाणे. मग तिने फोटो प्रोग्रॅमला दिले. ते पटापट जुळले, हाताने एक खूणही द्यावी लागली नाही. प्रत्येक फोटोत आधीच्याचा बराचसा भाग. एक पाऊल सरकून, श्वास रोखून. तिनेच शिकवलं होतं. कातळाच्या पोटात निळ्या पाट्यांची ओळ उभी राहिली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग खालच्या उंचीवर परत. तो बाहेर यायला वाट शोधत होता आणि वाट कशी शोधायची ते त्याला एवढंच येत होतं. सगळी भिंत टिपायची आणि म्हातारीकडे पाठवायची. ती जुळवेल. ती नेहमी जुळवते.

७

ती घरी गेली तेव्हा आई शेजारी गेली होती. तो ओट्याशी उभा राहून कप पुसत होता.

"तू कोण आहेस?" ताईने विचारलं.

त्याने कप जागेवर ठेवला. "खंड्या आहे, ताई."

"माझा भाऊ तिकडे आहे. आत. तू त्याला तिथे..."

"मी काही नाही केलं," तो म्हणाला. आवाज खंड्याचाच होता आणि त्यात खोटं काही ऐकू येत नव्हतं. "तू उलटवलंस. मी उजेडाला आलो. त्याचा हात तेव्हा आत होता."

"मग तू परत जा."

तो कपाकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तिथे सकाळ होत नाही, ताई," तो म्हणाला.

तिला त्याची दया आली, आणि ती आली म्हणून त्याचा भयंकर राग आला. तिने पर्स उचलली.

"ते भोक उघडू नकोस," तो मागून म्हणाला. "बंद आहे तोवर आत कोरडं आहे. आता उघडलंस तर पाणी जाईल."

तो आपली जागा राखायला बोलत होता, नाहीतर दुसरं काय? ताई जिना उतरली.

८

दरीत ये-जा करणारा जीपवाला मामा नाही नाही म्हणतच तिला घेऊन गेला. "तिकडे आता काय राहिलंय बघायला, ताई? आजच्या दिवसात तो दगड दिसेनासा होईल."

पाणी खरोखरच आलं होतं. ते वाहत नव्हतं, आवाज करत नव्हतं. नुसतं होतं, आणि मघाशी नव्हतं तिथे होतं. चिखलातून ती भिंतीपाशी गेली. गेरूची माणसं हात धरून उभी होती. खालच्या कोपऱ्यापासून पाणी वीतभर खाली होतं.

ती वाकली आणि कपार शोधू लागली.

कपार नव्हती. तिथे दगड होता. मेणचट, घोटल्यासारखा, किंचित पुसट. आजूबाजूच्या दगडाला कण होते, चिरा होत्या, शेवाळ होतं. या हातभर तुकड्याला काहीच नव्हतं. हा दगड ताईला पाठ होता. तो तिने ऑफिसात खुर्चीत बसून केला होता.

तिने त्यावर नखं चालवली, मग दगड घेऊन ठोकलं. मग दमून कान लावला.

खट्‌.

फार खोलवरून नव्हे. भिंतीपलीकडच्या खोलीतून यावा तसा.

खट्‌.

"खंड्या!" ती ओरडली. "अरे ए! मी आहे! म्हातारी!"

आवाज थांबला. मग भराभर आला, खट्‌खट्‌खट्‌, खूप जवळून, तिच्या गालाशीच.

"थांब," ती दगडाला म्हणाली. "हलू नकोस इथून. मी उघडते."

मामा मागून हाका मारत होता. त्याला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. परतीच्या वाटेवर तो एक शब्द बोलला नाही, पण जीप मात्र ती सांगेल तशी हाणली.

९

उलटवलेले फोटो तिने उडवले. आता सगळा कातळ प्रोग्रॅमने पुन्हा पहिल्यापासून बांधायचा होता. त्याला तासन्‌तास लागतात. स्क्रीनवर एक पट्टी भरत जाते, आणि माणूस तिच्याकडे बघत असेल तर ती भरायचंच विसरते. ताईने धरणाची पातळी बघितली. हिरवा पडदा वर सरकवला. कोपरा अजून पडद्याच्या वर होता, पण केसभर.

फोटो येत होते. आता त्यांत भिंत नव्हती. फक्त कोपरा होता, तो बुजलेला तुकडा आतून. पुन्हा तोच. पुन्हा तोच. मग बूट. तो तिच्या शब्दाखातर तिथेच बसून राहिला होता.

फोन वाजला.

"ताई," पलीकडून तो म्हणाला. "अजून थांबवता येईल. तो आत राहिला तरी राहील. खूप जण राहिलेत."

थांबवायचं बटण समोरच होतं. पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली होती. थांबवलं, तर तो जिवंत राहणार. तिथे, जिथे सकाळ होत नाही. डोक्यावर अख्ख्या धरणाचं पाणी घेऊन तो फोटो काढत राहणार आणि ते इथे उतरत राहणार. ती म्हातारी होईल, मरेल, कॉम्प्युटर भंगारात जाईल, तरीही. उघडलं, तर कदाचित. कदाचित केसभराने सुटेल.

तिने हात जोडले. कुणाचं नाव घ्यावं ते सुचलं नाही, म्हणून नुसतेच जोडले. बटण दाबलं नाही.

पट्टी भरली. कोपऱ्यात काळं भोक उघडलं.

आणि लगेच फोटो आला. कोपरा फाटलेला, आणि फटीतून उजेडाची एक तिरीप. ताई खुर्चीतून उठून उभीच राहिली. उजेड! तिला हसू फुटलं. मग तिने नीट बघितलं. उजेड हिरवा होता.

पुढच्या फोटोत फट नव्हती, नुसतं फेसाळलेलं पाणी होतं. त्याच्या पुढच्यात एक हात. डावा. त्याच्यामागे, अंधारात, आणखी पुष्कळ हात असल्यासारखं काहीतरी, पण तेवढ्यात पुढचा फोटो आला.

पाट्या हलल्या होत्या. प्रोग्रॅम त्या एकेक करून टांगत होता. एक भोकाच्या आत. एक भोकात. एक बाहेर. बाहेर! भिंतीच्या पुढे! मग तिच्याहून थोडी वर एक. मग आणखी वर. प्रत्येक फोटोत आधीच्याचा बराचसा भाग, तसूभर चूक नाही. पाट्या वर वर चढत होत्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. "ये," ताई म्हणत होती. "ये, ये, थोडंच राहिलं, ये रे."

शेवटची पाटी टांगली गेली. ताईने धरणाची पातळी पुन्हा बघितली आणि हिरवा पडदा जागेवर नेला. पडदा पाटीच्या वर थांबला. मध्ये एका हाताचं अंतर होतं.

ती वाट बघत राहिली. पंखा गुरगुरत होता. नवीन फोटो आला नाही.

साहेब डोकावले. "अजून इथेच? काय झालं?"

"कोपऱ्यात भोक राहिलंय, साहेब," ताई म्हणाली.

साहेबांनी वाकून बघितलं आणि खांदे उडवले. "राहू दे आता. कोण जाणार आहे तिथे बघायला?"

१०

घरी आई जेवायची थांबली होती. ताटं मांडलेली होती. तो आपल्या जागेवर बसला होता, मान खाली घालून, पोराने मार खायची तयारी ठेवावी तसा.

"किती उशीर गं," आई म्हणाली. "हा तर उपाशी बसलाय. ताई आल्याशिवाय जेवणार नाही म्हणाला."

ताई हात धुऊन बसली. पहिल्या घासाला तिच्या तोंडात चव उतरेना. आई तिच्याकडे बघत होती, मग त्याच्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. आईचे डोळे चांगले होते. ते कधी गेलेच नव्हते.

"काय झालंय तुम्हा दोघांचं?" आईने विचारलं. आवाज सांभाळून धरलेला, काठोकाठ भरलेल्या भांड्यासारखा. "इतक्या दिवसांत तू त्याला नावाने हाक मारली नाहीस. भांडलात का?"

"नाही," ताई म्हणाली.

"मग मार की हाक. माझ्यासमोर मार."

ताईने आईच्या हाताकडे बघितलं. तो टेबलाच्या कडेवर होता आणि कड इतकी घट्ट धरली होती की नखं पांढरी पडली होती.

"मीठ दे रे," ताई म्हणाली. मग तिने श्वास घेतला. "खंड्या."

आईची बोटं सैल झाली. त्याने मान वर केली. या एका हाकेची तो किती काळ वाट बघत होता, ते सगळं त्याच्या चेहऱ्यावर आलं, आणि ते बघवेना म्हणून ताई खाली बघून जेवू लागली.